विश्लेषण : दुचाकीवर दुधाचे कॅन नेणारे कॅरिअर गावच्या वेल्डिंग दुकानात स्वस्तात बनते, पण ते सुरक्षित कसे बनवायचे?

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या गावरस्त्यांवर पहाटे सर्वांत आधी धावते ती दुधाची दुचाकी. मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना अ‍ॅल्युमिनियमचे कॅन, त्यांना धरून ठेवणारा लोखंडी सळ्यांचा सांगाडा आणि सीटवर आवळलेली जुन्या ट्यूबची पट्टी. सकाळी दूध, दुपारी त्याच सांगाड्यावर वैरणीचा भारा, हंगामात उसाचे वाढे, तासगावकडे द्राक्षाचे क्रेट. हा सांगाडा कोणत्याही शोरूममध्ये मिळत नाही. तो गावातल्या किंवा तालुक्याच्या वेल्डिंग दुकानात अर्ध्या दिवसात तयार होतो. त्याचा नकाशा कागदावर नसतो, वेल्डरच्या डोळ्यात असतो. बहुतेक वेळा तो चांगला टिकतो. जेव्हा टिकत नाही, तेव्हा पन्नास किलोचा कॅन धावत्या गाडीवरून एका बाजूला लोंबकळतो आणि पुढचे काही सेकंद चालवणाऱ्याच्या हातात राहत नाहीत.

जगभर लोक हाच खटाटोप करतात. बर्फाळ प्रदेशातले हौशी लोक स्नोमोबिलच्या मागच्या भागावर पाइप, क्लॅम्प आणि रबरी पट्ट्या वापरून स्की ठेवण्याचे रॅक घरीच बनवतात. इंडोनेशियातील बालीत स्कूटरच्या बाजूला वाकवलेल्या कड्या लावून सर्फबोर्ड नेतात. स्कीची जोडी काही किलोंची असते आणि ती पडली तर बर्फात पडते. इथे मात्र वजन शंभर किलोंच्या घरात आणि खाली डांबर.

गाडीला नेमका किती भार पेलतो?

सुरुवात वजनाच्या हिशेबापासून करावी लागते, कारण कॅरिअर कितीही मजबूत केले तरी गाडी तीच राहते. दूध पाण्यापेक्षा किंचित जड असते. लिटरला साधारण १.०३ किलो. म्हणजे ४० लिटरच्या भरलेल्या कॅनमध्ये ४१ किलो दूध. रिकामा कॅन बनावटीनुसार सात-आठ किलोंचा. एक भरलेला कॅन धरा ४९ किलो, दोन कॅन ९८ किलो. कॅरिअरचे आठ किलो आणि चालवणाऱ्याचे ६५ किलो मिळवले की बेरीज १७१ किलो होते.

आता गाडीची बाजू. ग्रामीण भागात सर्वाधिक दिसणाऱ्या १०० सीसीच्या मोटारसायकलींची भारक्षमता, म्हणजे चालक, मागे बसणारा आणि सामान सगळे मिळून, १३० किलोंच्या आसपास असते. नेमका आकडा गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत असतो. म्हणजे दोन भरलेले ४० लिटरचे कॅन नेणारी गाडी सुमारे ४१ किलो जादा घेऊन धावते. योगायोग असा की हा जादा भार बरोबर एका कॅनमधल्या दुधाइतका आहे.

‘आमची गाडी दहा वर्षे ओढतेय’ हे उत्तर यावर हमखास मिळते आणि ते खोटे नसते. गाडी ओढते, कारण इंजिनाला वजन ओढणे फारसे अवघड नसते. झीज होते ती मागच्या शॉकअबची, चाकाच्या आऱ्यांची, बेअरिंगची, टायरची आणि ब्रेक शूची. त्यातही ब्रेकचा प्रश्न गंभीर आहे. वजन वाढले की थांबायला लागणारे अंतर वाढते आणि पाटण किंवा जावळीच्या उतारांवर मागचा ड्रम ब्रेक सतत दाबून ठेवला तर तो तापून ढिला पडतो. हेच दोन कॅन २० लिटरचे घेतले तर? भरलेला एक कॅन २५-२६ किलो, दोन मिळून ५१ किलो. कॅरिअर आणि चालक धरून १२४ किलो. मर्यादेच्या आत. दोन खेपा कराव्या लागतील, पेट्रोल जास्त जाईल, हे खरेच. पण गाडी बनवणाऱ्याने ज्या वजनासाठी ब्रेक दिले आहेत, ते वजन हे आहे.

वजन कुठे टांगले यावर एवढे काय अवलंबून आहे?

बरेच काही. एकाच वजनाचे दोन कॅन थोडे पुढे टांगले तर गाडी शहाण्यासारखी चालते, थोडे मागे टांगले तर हँडल हलके होते. कारण सी-सॉचेच आहे. मागच्या चाकाचा आस हा टेकू धरा. टेकूच्या मागे ठेवलेले वजन पुढचे चाक वर उचलू पाहते.

आकड्यांत सांगायचे तर १०० सीसी मोटारसायकलच्या दोन चाकांच्या आसांमधले अंतर साधारण १२४ सेंटिमीटर असते. १०० किलो वजन मागच्या आसाच्या २० सेंटिमीटर मागे टांगले, तर पुढच्या चाकावरचा सुमारे १६ किलो भार कमी होतो. तेच वजन आसाच्या १० सेंटिमीटर पुढे घेतले, तर पुढच्या चाकावर उलट आठ किलो वाढतात. हा २४ किलोंचा फरक एकही रुपया जादा खर्च न करता मिळतो. फक्त कड्या जोडण्यापूर्वी जागा ठरवावी लागते. पुढचे चाक हलके झाले की वळणावर गाडी रेषा सोडते, खडीवर हँडल थरथरते आणि पुढचा ब्रेक दाबला की चाक लवकर घसरते. म्हणून कॅनचा मध्य मागच्या आसाच्या बरोबर वर किंवा थोडा पुढे यावा. चालकाच्या टाचा आणि मागचे फूटरेस्ट मध्ये येतात म्हणून अनेक दुकानांत कॅन मागे सरकवले जातात. तिथेच चूक होते. मागचे फूटरेस्ट वर दुमडून किंवा काढून कॅन पुढे घेता येतो, कारण दोन कॅन लावलेल्या गाडीवर तसेही मागे कोणी बसू नये.

उंचीचेही तेच. कॅन जितका खाली, तितकी गाडी स्थिर. पण फार खाली घेतला तर वळणावर गाडी झुकताना किंवा गतिरोधकावर तळ रस्त्याला टेकतो. बोळातल्या फरशीच्या कडेला, कालव्याच्या पुलावरच्या दगडाला कॅन अडकतो. जमिनीपासून वीतभर जागा मोकळी राहील आणि गाडी झुकवली तरी राहील, हे गाडीवर माणूस बसवून मोजावे. रिकामी गाडी मोजली तर माप चुकते, कारण वजन आले की शॉकअब दबतात.

आणखी एक बाब दूधवाल्यांना अनुभवाने माहीत असते, नव्याने सुरू करणाऱ्याला नसते. अर्धा भरलेला कॅन पूर्ण भरलेल्या कॅनपेक्षा वजनाने कमी असूनही चालवायला वाईट. त्यातले दूध डचमळते आणि वळण संपले तरी गाडीला ढकलत राहते. एकूण ४० लिटर दूध असेल तर ते ४० लिटरच्या दोन कॅनमध्ये अर्धे-अर्धे नेण्यापेक्षा २० लिटरच्या दोन कॅनमध्ये गळ्यापर्यंत भरून नेलेले बरे.

सामान किती लागते, खर्च किती येतो?

दोन कॅनच्या साध्या कॅरिअरला १० मिलिमीटरची गोल सळई लागते. प्रत्येक कॅनसाठी एक तळाची आणि एक पोटाच्या वरची अशा दोन कड्या. कॅनचा व्यास सुमारे ३५ सेंटिमीटर धरला तर एक कडी १.१ मीटरची, चार कड्यांना ४.४ मीटर. उभ्या दांड्या प्रत्येक बाजूला चार, ४० सेंटिमीटरच्या, त्या ३.२ मीटर. तळाला दोन आडव्या सळ्यांची फुली दोन्ही बाजूंना, १.४ मीटर. एकूण नऊ मीटर सळई झाली. गोल सळईचे वजन काढायची पद्धत फॅब्रिकेशनवाल्यांना तोंडपाठ असते : मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग, भागिले १६२, म्हणजे मीटरला इतके किलो. १० मिलिमीटरला ०.६१७ किलो. नऊ मीटरचे साडेपाच किलो.

दोन्ही बाजू जोडणारा आडवा आधार म्हणून २५ × २५ मिलिमीटरचा, दोन मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप मीटरभर; तो सुमारे १.४ किलो. गाडीला बोल्टने बसवण्याच्या पट्ट्यांसाठी २५ × ५ मिलिमीटरची पट्टी मीटरभर, एक किलो. सगळे मिळून आठ किलो. किलोला ७० रुपये धरले तर नवे लोखंड ५६० रुपयांचे. त्यात नट-बोल्ट, रेड ऑक्साइड, रंग आणि मजुरी. मजुरी दुकानागणिक बदलते, पण काम अर्ध्या दिवसाचे आहे.

भंगारातले लोखंड घेऊन खर्च आणखी कमी करता येतो. दोन गोष्टी मात्र टाळाव्यात. एक, घराच्या स्लॅबमधून उरलेली पिळाची सळई. ती घरात पडून असते म्हणून मोह होतो. तिच्या बाहेरच्या थराला कारखान्यात पाणी मारून जी कठीणता दिलेली असते, ती वेल्डिंगच्या उष्णतेने त्या जागी जाते. शिवाय तिच्या कंगोऱ्यांवर कॅन घासत राहतो. अ‍ॅल्युमिनियम लोखंडापेक्षा मऊ असल्याने झिजतो तो कॅन. दुसरे, नळकामातला जुना जस्ताचा मुलामा दिलेला पाइप. त्यावर तसेच वेल्डिंग केले तर जस्ताचा पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो, अंग मोडून येते. वेल्डिंगच्या जागेवरचा मुलामा ग्राइंडरने काढून, उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून काम करावे. त्यापेक्षा साधा काळा पाइप घ्यावा.

कड्यांना आतून जुन्या ट्यूबची किंवा पाण्याच्या पाइपची रबरी पट्टी गुंडाळली की खडखडाट थांबतो, कॅन झिजत नाही आणि सळईला बसणारे हादरेही कमी होतात. सगळ्यात स्वस्त सुधारणा हीच आहे.

वेल्डिंग कुठे करायचे आणि कुठे अजिबात नाही?

कॅरिअरवर वेल्डिंग, गाडीवर बोल्ट. हा नियम मोडला की बाकी सगळे व्यर्थ. गाडीची चेसिस पातळ भिंतीच्या पाइपची असते. तिच्यावर थेट झाळ मारली की त्या जागेच्या शेजारचे पोलाद उष्णतेने कमजोर होते आणि रोजच्या हादऱ्यांनी नेमके तिथे केसासारखी चीर पडते. ती रंगाखाली असल्याने महिनोन्महिने दिसत नाही. कॅरिअर तुटले तर दूध सांडते. चेसिस तुटली तर गाडीच जाते.

म्हणून गाडीवर आधीपासून असलेल्या बोल्टच्या जागा वापराव्यात : सीटमागच्या धरण्याच्या दांड्याचे बोल्ट, मागच्या फूटरेस्टचा ब्रॅकेट आणि शॉकअबचा वरचा बोल्ट. प्रत्येक बाजूला किमान तीन ठिकाणी पकड हवी. दोनच ठिकाणी धरलेले कॅरिअर बिजागरीसारखे हलते. पट्टी लावल्यावर बोल्ट आखूड पडत असेल तर मूळ बोल्टच्याच जाडीचा आणि ताकदीचा लांब बोल्ट घ्यावा. डोक्यावर ८.८ असा आकडा असलेला बोल्ट आणि आत नायलॉनची कडी असलेला नट ही जोडी हादऱ्यांनी सुटत नाही.

शॉकअबचा ‘वरचा’ बोल्ट हा शब्द महत्त्वाचा आहे. गाडीचे दोन भाग असतात. एक, स्प्रिंगच्या वरचा, ज्यात चेसिस, सीट आणि चालक येतात. दुसरा, स्प्रिंगच्या खालचा, म्हणजे चाक आणि चाकाला धरणारा स्विंगआर्म, ज्याला मेकॅनिक चिमटा म्हणतात. खड्ड्यात हे दोन भाग एकमेकांजवळ येतात आणि दूर जातात. कॅरिअरची वरची पट्टी चेसिसला आणि खालची पट्टी चिमट्याला जोडली, तर पहिल्या मोठ्या खड्ड्यातच एकतर पट्टी तुटेल किंवा शॉकअब जागच्या जागी अडकेल. ‘खालून आधार दिला, आता हलत नाही’ असे समाधान देणारी ही चूक आहे. गाडी खरोखरच हलत नाही, कारण शॉकअब काम करायचे थांबलेले असतात आणि सगळे हादरे मणक्याला बसतात.

कॅरिअरवरच्या जोडांतही तुटणारी जागा ठरलेली असते. वेल्डिंगचा मणी जिथे संपतो आणि साधी सळई सुरू होते, ती रेषा. उभी पट्टी आडव्या पाइपला काटकोनात नुसती चिकटवली तर सगळा झटका त्या रेषेवर येतो. कोपऱ्यात हाताच्या तळव्याएवढी त्रिकोणी पट्टी जोडली की ताकद किती तरी पटींनी वाढते. तिरकी सळई दिली तरी चालते. चौकटीला तिरकी दांडी नसेल तर ती पतंगासारखी मोडते, हे बैलगाडी बांधणाऱ्या सुतारालाही ठाऊक होते.

माप घेण्यासाठी कॅरिअर गाडीवर धरून एक-दोन टॅक मारणे सोयीचे असते. तसे करताना पेट्रोलची टाकी काढून दूर ठेवावी आणि बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडवाव्यात. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत इंधन पुरवठा इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाकडून होतो. वेल्डिंगचा करंट चुकीच्या वाटेने गेला तर तो नियंत्रक जळतो आणि त्याची किंमत कॅरिअरच्या कित्येक पट असते. टॅक मारून झाले की पूर्ण वेल्डिंग कॅरिअर उतरवून जमिनीवरच करावे. नव्या गाडीच्या मालकाला ही गोष्ट वेल्डिंगवाल्याला आठवणीने सांगावी लागते. तो आपण होऊन विचारेलच असे नाही.

सायलेन्सरचा आणि दुधाचा काय संबंध?

बहुतेक मोटारसायकलींचा सायलेन्सर उजवीकडे असतो आणि उजवा कॅन बरोबर त्याच्या वर येतो. कच्चे दूध जितके गरम, तितकी त्यातल्या जिवाणूंची वाढ वेगाने. शीतकरण केंद्रात दूध चार अंशांपर्यंत थंड करतात ते याचसाठी. गोठा ते डेअरी हा प्रवास अर्ध्या तासाचा असला तरी उन्हाळ्यात संध्याकाळचे दूध आधीच तापलेले असते. त्यात खालून सायलेन्सरची धग. एकाच गोठ्यातले डाव्या कॅनचे दूध चालते आणि उजव्या कॅनचे फाटते, याचे कारण असे साधे असू शकते. सायलेन्सर आणि कॅनचा तळ यांच्यात चार बोटे हवा खेळती ठेवावी आणि मध्ये पत्र्याचा तुकडा लावावा. पत्रा कॅनला किंवा सायलेन्सरला टेकता कामा नये. कॅनवर ओले पोते गुंडाळण्याची जुनी पद्धतही चांगली आहे, कारण पाण्याचे बाष्पीभवन होताना ते कॅनची उष्णता घेते.

देवराष्ट्रेच्या जीपचे पुढे काय झाले होते?

गावठी कारागिरी आणि नियम यांची गाठ पडली की काय होते, याचे सर्वांत गाजलेले उदाहरण सांगली जिल्ह्यातलेच आहे. कडेगाव तालुक्यातील देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाण यांचे जन्मगाव. तिथले दत्तात्रय लोहार यांनी मुलासाठी भंगारातील आणि दुचाकीच्या सुट्या भागांपासून छोटी चारचाकी बनवली. ती दुचाकीसारखी किक मारून सुरू होत असे. खर्च आला सुमारे ६० हजार रुपये. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिची चित्रफीत समाजमाध्यमावर टाकली. कौतुक करतानाच त्यांनी लिहिले की ही गाडी नियमांत बसत नाही, त्यामुळे प्रशासन आज ना उद्या तिला रस्त्यावर येण्यापासून रोखेल. तिच्या बदल्यात आपण बोलेरो देऊ. जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाला बोलेरो मिळाली.

ही बातमी गोड शेवटासाठी लक्षात राहिली. तिच्यातला दुसरा भाग मागे पडला. गाडी चालत होती, कौशल्याबद्दल कोणाला शंका नव्हती, तरीही रस्त्यावर तिला जागा नव्हती.

या भागाला अशा कारागिरीचा वारसा जुना आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले, पुढे लोखंडी नांगर बनवला आणि १९१० मध्ये आजच्या पलूस तालुक्यातील माळावर किर्लोस्करवाडी उभी केली. भिलवडीत चितळे यांचा दुग्धव्यवसाय १९३९ पासूनचा. साताऱ्यात तर महाराष्ट्र स्कूटर्सचा कारखाना होता आणि तिथून ‘प्रिया’ स्कूटर बाहेर पडत. लोखंड, दूध आणि दुचाकी या तिन्ही गोष्टी इथे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदल्या. दुधाचे कॅरिअर हे त्यांचेच अपत्य म्हणावे लागेल.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ रचनेत नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेच अधिक स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले. त्यानुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

दुचाकीवरच्या सामानाबाबत केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२० मध्ये नियमांत मापेही घातली. मागे लावायची हलकी पेटी ५५० मिलिमीटर लांब, ५१० मिलिमीटर रुंद आणि ५०० मिलिमीटर उंच, यापेक्षा मोठी नको. ती मागच्या माणसाच्या जागेवर असेल तर मागे माणूस बसवायचा नाही. ही मापे पाठीवरची पिशवी आणि पार्सल पोहोचवणाऱ्या शहरी दुचाकी डोळ्यांसमोर ठेवून केलेली वाटतात. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना टांगलेले दुधाचे कॅन त्यात बसत नाहीत. म्हणजे ज्या सवयीवर दोन जिल्ह्यांतले दूधसंकलन बऱ्याच अंशी चालते, ती नियमाच्या चौकटीत नीट मावत नाही.

बोल्टवर बसवलेले, काढता येणारे कॅरिअर म्हणजे आपोआप परवानगी, असा समज सर्रास आहे. तसे लिहिलेले कुठे नाही. एवढेच म्हणता येते की चेसिस न कापता, न झाळता लावलेले कॅरिअर काढून गाडी मूळ रूपात आणता येते. चेसिसला जोडलेले काढता येत नाही. खरी अडचण अपघातानंतर येते. बदल विमा कंपनीला कळवलेला नसेल तर दाव्याच्या वेळी तो मुद्दा निघू शकतो. पॉलिसी घेतानाच लेखी कळवून उत्तर जपून ठेवणे हा बिनखर्चाचा उपाय आहे. कायमच मोठा भार न्यायचा असेल, तर पायाशी सपाट जागा आणि काढता येणारी मागची सीट असलेली मोपेड विचारात घ्यावी. तिच्या पायाशी ठेवलेले सामान दोन्ही चाकांच्या मध्ये येते, मागे लोंबत नाही.

मागून येणाऱ्याला गाडी दिसते का?

कॅनची जोडी लावली की गाडीची रुंदी बदलते आणि हे चालवणाऱ्याच्या लक्षात राहत नाही. कॅन एकेक फुटाचा धरला तरी दोन फूट आणि मध्ये चाक, शॉकअब, सायलेन्सर मिळून आणखी किमान फूटभर. तीन फूट झाले. हँडल मात्र अडीच फुटांच्या आत. जिथून हँडल जाते तिथून गाडी जाते, हा दुचाकीस्वाराचा अंगवळणी पडलेला अंदाज इथे फसतो. उसाच्या ट्रॉलीशेजारून निघताना कॅन ट्रॉलीच्या चाकाला घासतो तो यामुळे.

पहाटेच्या अंधारात मागून येणाऱ्याला मात्र ही रुंदी दिसायला हवी. कॅन किंवा आडवा पाइप मागचा दिवा, इंडिकेटर आणि नंबरप्लेट झाकत असेल तर कॅरिअर लावण्याआधीच ते हलवण्याची सोय करावी. कॅरिअरच्या दोन्ही कडांना मागे लाल आणि पुढे पांढऱ्या रंगाची चमकणारी पट्टी चिकटवावी. साताऱ्याहून उंब्रज, कराड, पेठ नाक्यापर्यंत पुणे-बेंगळूरु महामार्ग गावांना चिरत जातो आणि दूध घालायला जाणाऱ्यांना तो रोज ओलांडावा लागतो. तिथे मागून येणाऱ्या ट्रकचालकाला पुढे एक दुचाकी आहे की तीन फूट रुंद वाहन, हे त्या दोन पट्ट्यांवरूनच कळते. सळईचे एकही उघडे टोक बाहेर राहू नये. टोके आत वळवावीत किंवा गोल कडीत संपवावीत. गर्दीत, आठवडी बाजारात, शाळेसमोर ती टोके मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर येतात.

पहिल्या दिवशी काय तपासायचे?

रंग वाळला की लगेच दूध भरू नये. कॅनमध्ये तेवढेच पाणी भरावे आणि गावातल्याच खराब रस्त्यावर एक फेरी मारावी. परत आल्यावर प्रत्येक बोल्टला पाना लावून पाहावा. पहिल्या फेरीत काही बोल्ट हमखास पाव वळसा ढिले होतात. आठवडाभराने पुन्हा. मग महिन्यातून एकदा कॅरिअर धुऊन जोडांच्या रेषा बोटाने चाचपाव्यात. रंगाला गेलेली बारीक तपकिरी रेघ म्हणजे चीर पडायला सुरुवात झाल्याची खूण असते. तिच्यावर नुसता मणी फिरवून चालत नाही. चीर संपेपर्यंत घासून, पट्टी जोडून मगच झाळ द्यावी. मागचे चाक पंक्चर झाले तर कॅरिअर न सोडता आसाचा नट निघतो का, चेनला तेल देता येते का, हेही पहिल्याच दिवशी पाहिलेले बरे.

भरताना आणि उतरवताना गाडी मुख्य स्टँडवर, सपाट जमिनीवर. सगळ्यात जास्त गाड्या पडतात त्या रस्त्यावर नाही, डेअरीच्या दारात. एक कॅन उतरवला की दुसऱ्या बाजूचे ४९ किलो गाडीला आपल्याकडे ओढतात. साइड स्टँडवर उभी करण्यावाचून इलाज नसेल, तर गाडी डावीकडे झुकलेली असते हे लक्षात ठेवून भरताना डावा कॅन आधी चढवावा, उतरवताना उजवा आधी घ्यावा. ओल्या मातीत स्टँडखाली चपटा दगड किंवा फळीचा तुकडा ठेवावा. टायरमधली हवा आठवड्याला तपासावी. दोघे बसल्यावर मागच्या टायरला जितकी हवा लागते ती गाडीवरच्या पट्टीवर छापलेली असते आणि कॅन नेणाऱ्या गाडीला तीच लागू होते.